राजाची गुळगुळीत पाठ

लग्न होऊन मी वरोऱ्याला आले तेव्हा त्या घरात आवाज दोनच होते. एक सासूबाईंचा आणि दुसरा घरामागून जाणाऱ्या मालगाड्यांचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बोलतच नसत. रागीट होते म्हणावं तर तसंही नाही. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर झाली होती. सासूबाई म्हणायच्या, ‘कुठलं पाहिजे’ आणि ‘सुटे द्या’ हे म्हणण्यातच त्यांचं आयुष्यभराचं बोलणं खर्ची पडलं, घरासाठी काही उरलं नाही.

माझं माहेर चामोर्शीकडे, धानाच्या मुलखात. आमच्याकडे माणसं एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसऱ्या बांधीत ओरडून बोलतात आणि घरातही तोच आवाज लावतात. नवरा कोळसा खाणीत पाळीवर जायचा. मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची. घरी यायची तेव्हा मामाजी ओसरीवर खुर्चीत बसलेले असायचे, डोळ्याला भिंग, हातात एखादं जुनं नाणं. मी म्हणायची, “मामाजी, चहा ठेवू?” ते मान हलवायचे. हो की नाही ते कळायचं नाही, मी ठेवून द्यायची.

नाण्यांचा नाद त्यांना नोकरीतच लागला होता. खिडकीवर कधीमधी जुनं नाणं यायचं, ते स्वतःच्या खिशातलं चलनी नाणं गल्ल्यात टाकून जुनं घरी आणायचे. पुढे नात्यातल्यांनी, ओळखीच्यांनी आणून दिलं. राणीछाप रुपये, मुकुटवाल्या राजाचे, बोडक्या राजाचे, भोकाचे पैसे, नागपूरच्या जुन्या राजवटीतली जाड, वेडीवाकडी चांदी. सगळं एका बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, पातळ कागदाच्या पुड्यांमध्ये.

त्या वर्षी दसऱ्याआधी घराला चुना लावायचं काढलं होतं. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आणि जाण्याआधी घर असं स्वच्छ करायचं की परत आल्यावर ओळखू येऊ नये, ही सासूबाईंची रीत. मामाजी चुना आणायला बाजारात गेले होते. सासूबाईंनी तांब्या-पितळेची भांडी अंगणात काढली, चिंच भिजवली, राख चाळली. भांडी झाली तरी चिंच उरली होती. त्यांना वाटलं, नवऱ्याची नाणी किती काळवंडलीत, होऊन जाऊ दे त्यांचंही. मी आतल्या खोलीत सामान हलवत होते. बाहेर आले तेव्हा सुपात रुपये वाळत होते, उन्हात नुसते लखलखत होते.

मामाजी आले. चुन्याची पिशवी खाली ठेवली, सुपाकडे पाहिलं. मग सुपाजवळ उकिडवे बसले. सासूबाई खुशीत म्हणाल्या, “पाहा, कसे नवे करून देल्ले!”

मामाजींनी हात सदऱ्याला पुसले. एक रुपया उचलला, उलटा केला, परत ठेवला. त्यांचा चेहरा पाहून मला राहवेना. मी विचारलं, “मामाजी, चमकले तर बरंच झालं ना?”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठून आत गेले आणि डब्यातली एक पुडी घेऊन आले. तिच्यातला राणीछाप चिंचेतून वाचला होता. तो आणि सुपातला एक, असे दोन शेजारी शेजारी माझ्या तळहातावर ठेवले.

“इकडे ये बाई, उजेडात. सरळ नको पाहू, तिरपा धर. आता सांग, काय दिसते?”

मी तिरपा धरला. काळपट रुपयावर राणीच्या गालाशी चांदी जराशी उघडी पडली होती, कानावरच्या केसांत आणि अक्षरांच्या कडेला करडा रंग साचला होता. त्यामुळे चेहरा उठून दिसत होता. घासलेल्या रुपयावर सगळं एकसारखं पांढरं होतं. भिंग दिलं तेव्हा राखेचे बारीक बारीक ओरखडे दिसले, सगळे एका दिशेने, झाडलेल्या अंगणासारखे.

“हा काळा आहे ना, हा माणसांच्या हातून झिजला,” मामाजी म्हणाले. “बाजारात गेला, कनवटीला बसला, गल्ल्यात पडला. हात लागते तिथी उंच जागा आधी जाते. गाल, मग कानावरचे केस, मग मुकुटाचं टोक. खोलगट जागी हात पोचतच नाई, तिथी मळ राहते. म्हणून याचं वाचता येते. अन् हा आज सकाळीच झिजला. उंच नाई पाह्यलं, खोल नाई पाह्यलं, सगळं सोलून काढलं.”

एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. सासूबाई तर हातातलं फडकं तसंच धरून उभ्या. मग त्या म्हणाल्या, “मंग हे मले लग्न झालं तवाच सांगाचं होतं ना!” आणि त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की मामाजींच्याही मिशा हलल्या.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. शाळेतून आले की चहा घेऊन मी ओसरीवरच बसायची. दुपार उतरायला लागली की ओसरीत ऊन आडवं यायचं, आणि नाणं वाचायला तोच उजेड चांगला. मामाजी पुडी सोडायचे, नाणं कडेने धरून माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, “हे कसं झिजलं?”

सुरुवातीला मला सगळं झिजलेलं एकसारखंच दिसे. एकदा त्यांनी दिलेल्या रुपयावर बारीक चकचकीत ठेचा होत्या, पण केसांची एकेक बट जागच्या जागी. मी म्हटलं, खूप वापरलेला. ते म्हणाले, “वापरला असता तर बटा राह्यल्या असत्या का? हा कोणाच्या हाती गेलाच नाई. खजिन्याच्या पोत्यात दुसऱ्या रुपयांशी टकरा खात बसला.” एकदा एक तांब्याचा पैसा दिला, खड्ड्याखड्ड्यांचा, देवीच्या व्रणांसारखा. मी म्हटलं, फार झिजलाय. तर म्हणाले, “नाई. याले ओलीनं खाल्लं. जमिनीत होता. झिजलेलं बोटाले गुळगुळीत लागते. डोळे मीट अन् बोट फिरव.” मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि खरंच, खरखर लागली. मग त्यांनी दुसरा एक पैसा बोटाखाली सरकवला, तो रेशमासारखा.

नागपूरच्या राजवटीतल्या रुपयाने तर मला पुरतं फसवलं. त्यावर अर्धीच अक्षरं होती, बाकी कडेला जाऊन हरवलेली. मी छातीठोकपणे सांगितलं, कडा झिजली. मामाजी इतके खूश झाले की खुर्चीत सरसावून बसले. “फसली! अवं, ठसा मोठा अन् चांदीची चकती लहान. अक्षरं कधी पडलीच नाईत याच्यावर. जे नव्हतंच ते झिजल कसं?”

रविवारी मामाजींचे एक मित्र यायचे, त्यांच्यापुढे मात्र मामाजींचं तोंड उघडायचं. ते जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते, त्यामुळे गावात त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. मी त्यांना काकाजी म्हणायची. त्यांनाही हाच नाद, पण त्यांचा विश्वास डोळ्यांवर नव्हता, काट्यावर होता. लाकडी पेटीतला सोनाराचा लहान काटा ते सोबतच बाळगत. एका पारड्यात नवाकोरा रुपया, दुसऱ्यात झिजका, आणि पारडं जितकं वर जाईल तितकी झीज.

“डोये काय, कोणाचेही फसते,” काकाजी म्हणायचे. “काटा खोटं बोलत नाई.”

“काटा किती झिजलं ते सांगते,” मामाजी म्हणायचे. “कशानं झिजलं ते सांगते का?”

या दोघांचा एक जुना वाद होता. मामाजींना नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या साहेबांनी सांगितलं होतं की मुकुटवाल्या दाढीच्या राजाचा पहिला रुपया निघाला, अकरा सालचा, त्यात एक गंमत झाली. राजाच्या झग्यावर छातीशी एक हत्ती कोरलेला असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या पहिल्या रुपयात त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोक म्हणाले, हे तर डुक्कर आहे. ओरड झाली, तेव्हा सरकारने बरेचसे रुपये परत मागवले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट लांब करून नवे काढले. मामाजींनी सगळी नोकरी तो रुपया शोधण्यात घालवली, पण मिळाला नाही. काकाजींचं म्हणणं, असला रुपयाच नाही. हत्ती बारका, सोंड त्याहून बारकी, थोड्या हाताळणीत ती जाते, आणि मग रिकामटेकड्यांना डुक्कर दिसतं.

“झीज आहे ती बाबू, नुसती झीज!”

“झीज नाई! घडणीतच तसा होता!”

हे दर रविवारी. सासूबाई आतून म्हणायच्या, “झाला का हत्ती सुरू? मंग मी भजे तळाले घेतो.”

मेमध्ये माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं, माहेरच्या गावी. मी निमंत्रण सांगितलं तेव्हा मामाजींनी नेहमीसारखी मान हलवली, म्हणजे या वेळी नकारच. लग्नात बोलावं लागतं म्हणून ते लग्नाला जात नसत. मी सहज म्हटलं, “मोठीमाय रुपयांचा हार घालेल त्या दिवशी. तिच्या सासूचा आहे.” मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, नवरीची आई.

मामाजींनी भिंग खाली ठेवलं. “कोणते रुपये?”

“राणीछाप असतील, राजाचेही आहेत. मी लहानपणी त्यांच्याशी खेळायची, नीट काही आठवत नाही.”

“गाडी कितीची आहे?” मामाजींनी विचारलं.

काकाजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, मलेही न्या. काट्याची पेटी घेऊनच आले. असे आम्ही पाच जण निघालो, वरोऱ्याहून चंद्रपूर, मग मूल, वैनगंगा ओलांडून गडचिरोली आणि तिथून चामोर्शी. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि एस.टी.तला एक माणूस काकाजींना सांगत होता की आता आमच्याकडे सगळं होणार, रस्ते होणार. काकाजी खिडकीच्या गजाला धरून, पेटी मांडीवर सांभाळत, प्रत्येक खड्ड्याला त्याला म्हणत होते, “हो बापा, होऊ द्या लवकर.”

मांडवावर जांभळीच्या ओल्या डहाळ्या घातल्या होत्या, त्यामुळे मेच्या उन्हातही खाली गारवा होता. पांढऱ्या साडीत माझी बहीण अशी दिसत होती की ओळखू येईना. त्रिशरण, पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, हार घातले. पंगती बसल्या, भात, वरण, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी. या सगळ्यात मोठीमाय इकडून तिकडे पळत होती आणि तिच्या गळ्यात तो हार छुमछुम वाजत होता. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरातून पुष्कळ जुन्या गोष्टी गेल्या होत्या, पण हा हार राहिला. त्यात देव कुठलाच नव्हता, राजे-राण्याच होत्या.

मामाजी पंगतीत बसून जेवत होते, पण मान हाराच्या मागे फिरत होती. वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा भात वाढला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

पंगती उठल्यावर, नवरी निघायला अजून अवकाश होता तेव्हा, मी मोठीमायला मांडवाच्या खांबाशी बसवलं. “मोठीमाय, हार काढून दे ना जरा. मामाजींना पाहायचाय.”

“लेकीच्या लग्नाच्या दिवशी गळ्यातलं काढू?” ती म्हणाली. “अन् काढाचं म्हटलं तरी निघत नाई. सासूनं बांधली ती गाठ हाये, अजून सुटली नाई. इथीच पाहा म्हणा.”

आता पंचाईत अशी की व्याह्यांनी विहीणबाईच्या गळ्याशी भिंग घेऊन कसं वाकायचं? मामाजी तर दोन हात दूर, सतरंजीवर, तोंड दुसरीकडे करून बसले. काकाजी पेटी उघडून बसले होते, त्यांनी ती निमूटपणे बंद केली. गळ्यात घातलेला हार काही काट्यावर चढत नाही. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “तूच पाह्य. तुले येते ना आता.”

मामाजींनी मागे न वळता हात मागे करून भिंग माझ्याकडे दिलं.

मी मोठीमायसमोर बसले आणि एकेक रुपया बोटांत घेऊन सांगायला लागले. राणीचा, गाल जरासा झिजलेला. आणखी एक राणीचा. मग बोडका राजा. प्रत्येकाच्या डोक्यावर कडी झाळून जोडलेली, आणि शेजारी शेजारी घासून घासून कडा चपट्या झालेल्या. मग मुकुटवाल्या राजाचे लागले. पहिल्यावर हत्ती होता, सोंड खाली वळलेली. तसाच दुसरा. त्याच्या शेजारच्यावर मी भिंग धरलं आणि बोलायचं थांबले.

“काय झालं?” मामाजी.

“सोंड दिसत नाही.”

काकाजींनी मांडीवर थाप मारली. “झिजली! सांगून राह्यलो ना मी!”

मामाजी अजूनही दुसरीकडेच पाहत होते, पण त्यांचा आवाज बदलला. “घाई करू नको बाई. मुकुट पाह्य. मणी दिसतात?”

“एकेक दिसतो.”

“कान?”

“कानाची पाळीसुद्धा.”

“मिशी?”

“मिशीचे केस दिसतात, मामाजी.”

“साल सांग.”

मी रुपया उलटा केला. मागची बाजू सपाट होती. साल नाही, वेल नाही, अक्षर नाही, बोट फिरवलं तर नुसतं रेशीम. “मागे काहीच नाही उरलं,” मी म्हटलं.

“झालं,” काकाजी म्हणाले. “साल गेलं, सोंड गेली. सगळा रुपयाच झिजला हाये.”

एव्हाना आमच्याभोवती बायका जमल्या होत्या. कुणी विचारत होतं काय हरवलं, कुणी सांगत होतं हत्ती हरवला. मी मात्र त्या रुपयाचं तोंड आणि पाठ उलटसुलट करत राहिले, आणि मनात एक गोष्ट हळूहळू जमायला लागली. बाकीच्या रुपयांच्या पाठी पाहिल्या. सगळ्या सपाट. सगळ्यांची तोंडं बरी.

“काकाजी,” मी म्हटलं, “हे रुपये बाजारात झिजले असते तर दोन्ही बाजूंनी झिजले असते. यांची पाठच गेलीय, कारण पाठ अंगाला लागते. घाम, कामधाम, वाकणं, उठणं, सगळं पाठीला. तोंड बाहेर, ते शाबूत. आणि तोंडाकडून झीज झालीच असती तर मुकुट आधी गेला असता, मिशी गेली असती. सगळं राहून एकटी सोंडच कशी जाईल? बरं, याच्या शेजारचा रुपया पाहा, त्याच दोऱ्यातला, तितकीच वर्षं याच गळ्यात असलेला. त्याची सोंड आहे. म्हणजे याला सोंड आखूडच होती, आधीपासून.”

 बायकांना काही समजलं नव्हतं आणि दोघा म्हाताऱ्यांना सगळं समजलं होतं.

मामाजी वळले. रीत विसरून सरळ वळले. “चेहरा कसा दिसते त्याचा? हत्तीचा?”

मी पुन्हा भिंग लावलं. आखूड नाकाड, जाड पाय, मागे शेपटी. मला हसू आवरेना. “डुक्कर आहे, मामाजी! चक्क डुक्कर आहे!”

“कोणाच्या गळ्यात डुक्कर?” मोठीमाय ओरडली. मग मी तिला सगळी हकिगत सांगितली आणि भिंग तिच्या हातात दिलं. तिने हार वर उचलून, हनुवटी मागे ओढून, एक डोळा मिटून पाहिलं.

“अवं माय! खरंच व! इतकी वर्सं मी राजा म्हणून मिरवून राह्यली अन् आत डुक्कर निघालं! सासू गेली, तिले सांगाले पाह्यजे होतं.”

बायकांचा जो हशा उठला तो मांडवाबाहेर बसलेल्या बँडवाल्यांपर्यंत गेला असावा, कारण त्यांनी काही कारण नसताना तुतारीचा एक सूर काढला. प्रत्येकीला डुक्कर पाहायचं होतं. भिंग हातोहात फिरलं. नवरी स्वतः उठून आली आणि आईच्या गळ्याशी वाकून पाहून गेली.

मोठीमायचं मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष होतं. तिने रुपया उलटा करून सपाट पाठीवर अंगठा फिरवला. “अन् हे? हे कोणी केलं म्हणते तू?”

“तूच. तू आणि तुझी सासू. रोवणी, कापणी, आम्ही पोरं कडेवर, सगळ्यात हा अंगाशी होता ना.”

“म्हंजे राजाची पाठ मी घासून देल्ली!” ती म्हणाली आणि हसत हसत खांबाला टेकली. “माह्या नवऱ्याची नाई घासली कधी, अन् याची इतकी!” हे ऐकून मोठे काका दूरवरून, पाहुण्यांना पान देता देता, म्हणाले, “ते खरं हाये!”

काकाजी खरे माणूस होते. ते उठून मामाजींसमोर आले, पेटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “बाबू, हरलो. हत्तीले सोंड नव्हती.” मामाजींनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. मग काकाजी लगेच मोठीमायकडे वळले. “बाई, हा एक रुपया सोडून द्या ना. बदल्यात दोन राणीछाप घ्या.”

“भाऊ,” मोठीमाय म्हणाली, “हा गेला तर मधी भोकसा पडल. अन् दोन राण्या एका जागी कशा बसतीन?”

मामाजींनी मागितला नाही. मला वाटलं होतं, मागतील. त्यांनी उलट स्वतःच्या खिशातून एक पुडी काढली. त्यांच्या सगळ्या नाण्यांतला सर्वांत चांगला रुपया तो, टाकसाळीतून निघाला आणि कुणाच्या हाताला लागला नाही असा. दाखवायला म्हणून वरोऱ्याहून सांभाळून आणला होता. त्यांनी तो माझ्या हाती देऊन मोठीमायला पाहायला दिला. मी सांगितलं, “हा कधीच वापरला गेला नाही. एकही खूण नाही याच्यावर.”

मोठीमायने तो कौतुकाने दोन्ही बाजूंनी पाहिला. “चांगला हाये,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण बिच्चारा कुठी गेलाच नाई का गा?”

मामाजी हसले. मिशांमधलं नव्हे, मोठ्याने, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासूबाई मला म्हणाल्या, “अवं, हे असे हसते?” आणि त्या नवऱ्याकडे अशा पाहत राहिल्या जसं मघापासून सगळे त्या हत्तीकडे पाहत होते.

त्या दुपारी मामाजी मांडवात कितीजणांशी बोलले त्याला गणतीच नाही. गावातल्या म्हाताऱ्या घरी जाऊन आपापले हार, कंबरपट्टे, गाठोड्यात बांधलेले पैसे घेऊन आल्या. तोंडी वर्णन ऐकून मामाजी सांगत होते, मी भिंग धरत होते, आणि काकाजींच्या काट्यालाही शेवटी काम मिळालं, कारण एकीला तिचा कंबरपट्टा किती भरतो ते जाणून घ्यायचं होतं. नवरी निघाली तेव्हा आम्हाला हाका मारून उठवावं लागलं. रडायच्या वेळी माझी बहीण माझ्या गळ्यात पडून रडली आणि मध्येच म्हणाली, “डुक्कर!” मग दोघी रडता रडता हसलो.

शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात हे सांगितलं. मुलांनी दुसऱ्या दिवशी खिशातून पाच पैसे, दहा पैसे, चार आणे आणले. भिंग फिरलं आणि एका मुलीने शोधून काढलं की सिंहांपैकी मधल्याचंच नाक आधी जातं, कारण तो समोर असतो. मी ते घरी येऊन मामाजींना सांगितलं. त्यांनी ते तपासायला आपल्या खिशातली सगळी चिल्लर ओसरीवर ओतली आणि खरं निघाल्यावर म्हणाले, “ती पोरगी कोण आहे? मले दाखव.”

“मग चला शाळेत,” मी म्हटलं.

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. धुतलेला पायजमा-सदरा, वरच्या खिशात भिंग. फळ्याजवळ उभे राहिले आणि वर्गाकडे पाहून एकदम गप्प झाले.  मी काही तरी बोलून वेळ निभावून न्यावी म्हणत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. त्या हातात पातळ, रुंद, पानासारखी पसरलेली एक चकचकीत वस्तू होती.

“आजोबा, हे पाच पैसे. हे कसे झिजले?”

मामाजींनी पुढे जाऊन ती चकती हातात घेतली. तिरपी धरली, भिंग लावलं, उलटी केली. सगळा वर्ग उठून उभा राहिला होता.

“हे झिजलं नाई,” ते गंभीरपणे म्हणाले. “हे रुळावर ठेवलं होतं. परत ठेवाचं नाई, समजलं? रुळाजवळ जायचंच नाई.” मुलाने खाली मान घातली. मामाजींनी पुन्हा एकदा चकतीकडे पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. “पण मले सांग, पॅसेंजर होती की मालगाडी?”

“मालगाडी, आजोबा!”

“तेच म्हटलं मी,” मामाजी म्हणाले. “पॅसेंजरनं इतकं पसरत नाई.” आणि मग खुर्ची ओढून, वर्गाच्या मधोमध बसून, ते मालगाडीच्या वजनापासून सुरू झाले. घंटा झाली, मधल्या सुट्टीचा डबा खायचा राहिला, दाराशी मुख्याध्यापक येऊन उभे राहिले, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं.